बिनछताची गाडी आणि धुळ्याचं ऊन: वर्षभराच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

गाडी आली. नाशिकहून टेम्पोत घालून, वर ताडपत्री. लळिंगच्या घाटात टेम्पोवाल्यानं दोनदा थांबून दोर आवळले, कारण गाडी एवढी हलकी की प्रत्येक खड्ड्याला उसळत होती. एक लाख चाळीस हजार गाडीचे, नऊ हजार टेम्पोचे. उतरवायला शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातली चार पोरं आली. ताडपत्री निघाली आणि सगळे गप्प. मग ओट्यावरून आई अहिराणीत म्हणाली, "काय रे भो, हाई भंगार काबर लई उना?" म्हणजे हे भंगार कशाला घेऊन आलास?

गाडी सॅन स्टॉर्म. धुळ्यात हे नाव सांगून कोणाला काही कळत नाही, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. गोव्यात बनलेली, दोन माणसांची, कापडी छताची. डिझाइन फ्रेंच. इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी, पेट्रोल, इंजेक्शनवालं, ताकद साठ हॉर्सपॉवरच्या आसपास. साठ म्हणजे आजच्या साध्या हॅचबॅकपेक्षाही कमी, पण अंग सगळं फायबरचं, त्यामुळे ओढायला वजनच नाही. माझी २००१ ची आहे. मी नाशिकला आयटीआयत होतो तेव्हा कॉलेज रोडवर अशीच एक पाहिली होती. सिग्नल सुटला, ती गेली, मी सायकलवर. चोवीस वर्षं ती सिग्नलवरच होती म्हणा ना.

माझं दुकान मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं भरायची. विहिरीवरच्या मोटारी, सबमर्सिबल, गिरणीच्या मोटारी. गाडीतलं मला कळतं ते एवढंच, की तिच्यात एक बॅटरी असते.

१६ फेब्रुवारी

रविवार. दिवसभर फक्त बघितली. मालकानं "चालू कंडिशन" म्हटलं होतं, ते खरं निघालं: सुरू होते, चालू राहत नाही. बोनेटवर, दारांच्या कोपऱ्यांत आणि मागच्या चाकाच्या वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा. पुढचा बंपर कधीतरी फुटलेला आणि आतून चक्क लांबी, म्हणजे पुट्टी भरून वर रंग मारलेला. खालच्या लोखंडाला गंज आहे, पण हातोडीनं ठोकलं तर आवाज टणक येतो. छताचा सांगाडा शाबूत, कापड नाही. सीट उंदरांनी खाल्लेल्या. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशचा वास.

वायरिंग बघून मात्र मला रडू यायचं बाकी होतं. कोणी कोणी काय काय केलंय! स्पीकरच्या वायरीनं हेडलाइट जोडलेला. एका ठिकाणी जॉइंटवर चिकटपट्टीऐवजी गाडीच्या पंक्चरचं ठिगळ.

९ मार्च

तीन आठवडे हात लावला नाही. रब्बीचं पाणी सुरू आहे, दुकानात रोज सात-आठ मोटारी जळून येतात. गहू पाण्यावर असताना शेतकऱ्याला "उद्या या" म्हणता येत नाही.

आज फक्त टाकी उतरवली. तळाशी तपकिरी गाळ, जवळजवळ वाटीभर. आता सगळ्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉल पाणी ओढतं. गाडी उभी राहिली की ते पाणी खाली बसतं आणि टाकीला आतून खातं. शिवाय जुन्या रबराच्या नळ्या त्यात मऊ पडतात. एक नळी चिमटीत धरली तर बोटांना काळी शाई लागली. सगळ्या नळ्या बदलायच्या, इथेनॉल चालेल अशाच घ्यायच्या. टाकीत मूठभर बारीक खडी आणि साबणाचं पाणी घालून आम्ही दोघा-तिघांनी ती पाळण्यासारखी हलवली. मुलगी म्हणाली, "पप्पा, अंगाई म्हणा."

२३ मार्च

इंजिन. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला सारखं, म्हणजे आतलं काम वाचलं. टायमिंगचा पट्टा किती वर्षांचा ते देवाला माहीत. तो तुटल्यावर काय होतं हे बघायची मला हौस नाही. हेच इंजिन परदेशात क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांत होतं, त्यामुळे पट्टा आणि ताणकप्पी बाहेरून मागवता आली. कस्टमचे पैसे मिळून पट्ट्याची किंमत सबमर्सिबलच्या अर्ध्या तांब्याएवढी झाली.

ऑइल सील मात्र आग्रा रोडवरच्या बेअरिंगच्या दुकानात मिळाले. गाडीचं नाव सांगितलंच नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, एवढं व्हर्नियरनं मोजून चिठ्ठी दिली. त्यानं फळीवरून चार डब्या काढल्या. गाडी कोणत्या देशाची आहे हे सीलला कळत नाही. क्लच प्लेट बाजारात नाहीच, म्हणून जुन्या प्लेटलाच नवीन फेसिंग रिबिट करून घेतलं, ६५० रुपये. ट्रॅक्टरवाले वर्षानुवर्षं हेच करतात.

६ एप्रिल, पहाटे

फायबर. यासाठी गावात माणूस शोधत महिना गेला. गॅरेजवाले म्हणतात पत्रा असेल तर सांगा. शेवटी लक्षात आलं की ज्या गावात घराघरात कूलर आहे त्या गावात फायबरचा माणूस नसेल असं होईलच कसं? गंजत नाही म्हणून इथे लोक फायबर बॉडीचे कूलर घेतात. चाळीसगाव रोडला एक चाचा आहेत, तीस वर्षं कूलरच्या बॉड्या आणि पाण्याच्या टाक्या करतात. गाडी बघायला आले, बोनेटवर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, "बेटा, हा तर मोठा कूलरच आहे. फक्त पाणी खाली टाकत नाही."

त्यांनी पहिली अट घातली ती वेळेची. पहाटे पाच ते आठ, त्यानंतर काम बंद. का, ते मला दाखवलं. रेझिन म्हणजे फायबरचा चिकट द्रव, त्यात ते घट्ट करणारा हार्डनर पडला की मिश्रण स्वतःच तापायला लागतं. जितकी हवा गरम तितकं ते लवकर आवळतं, आणि आवळताना आणखी तापतं. दुपारी दोनला त्यांनी मुद्दाम एका डब्यात अर्धा किलो कालवलं. पाच-सहा मिनिटांत ते जेलीसारखं झालं, मग डबा हातात धरवेना, मग धूर, मग डब्याचा तळ वाकडा.

मी माझी अक्कल चालवली: "मग हार्डनर कमी टाका ना चाचा." ते हसले. फार कमी टाकलं तर रेझिन कच्चं राहतं. वरून घट्ट दिसतं, आतून कधीच पिकत नाही आणि वर्षाभरात थर सुटून येतो. म्हणून प्रमाण तेच, किलोला टोपणभर, फक्त एकावेळी पाव-पाव किलो कालवायचं आणि डब्यात न ठेवता पसरट परातीत ओतायचं, म्हणजे उष्णता निघून जाते. आणखी एक गोष्ट त्यांनी तीनदा सांगितली: हार्डनर आणि कोबाल्ट (आवळणं लवकर सुरू करणारं औषध) या दोन बाटल्या एकमेकींत कधीही थेट ओतायच्या नाहीत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट घोटायचा, मगच हार्डनर. त्यांच्या दुकानात एक बाटली दाराशी असते आणि दुसरी मोरीपाशी.

१३ एप्रिल

सात दिवसांत सात पहाटा. चीर असेल तिथे वरून लांबी भरायची नाही, ग्राइंडरनं ती आणखी उघडायची, नांगराच्या तासासारखी. मग मागच्या बाजूनं काचतंतूची चटई, एकावर एक तीन थर, ब्रशनं ठोकून ठोकून हवा काढायची. ठोकायचं, घासायचं नाही. हवेचा बुडबुडा राहिला तर उन्हात फुगतो. फुटलेल्या बंपरमधून सव्वा किलो लांबी निघाली, मी तराजूवर ठेवून बघितली.

ग्राइंडिंगची धूळ म्हणजे खाजकुयली. अंगभर तेल लावून, शर्टाच्या बाह्या बांधून बसायचं आणि आधी गार पाण्यानं आंघोळ. गरम पाण्यानं केली तर कण आत शिरतात असं चाचा म्हणतात. खरं-खोटं माहीत नाही, पण मी गारच केली. हिनं माझे कपडे घरातल्या कपड्यांत धुवायला साफ नकार दिला.

जाता जाता: हीटरचा रेडिएटर गळतोय, पायाशी हिरवं पाणी. काढून टाकला, दोन्ही नळ्या एकमेकींना जोडल्या. धुळ्यात हीटर! पारा ४२ वर आहे आणि मी हीटर दुरुस्त करणार? माळ्यावर टाकला.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. बहिणी आल्या आहेत, अंगणात झोका, घरात सांजोऱ्या. चाचांना डबा दिला. भाचे दिवसभर बिनसीटच्या गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. हॉर्न वाजत नव्हता, तोंडानं.

८ मे

अवकाळी. रात्री वारा सुटला, शेडचा एक पत्रा उडाला आणि गाडीत टाचेएवढं पाणी. सकाळी खाली दोन भोकं सापडली, पाणी जाण्यासाठी मुळातच ठेवलेली, कोणीतरी एमसीलनं बुजवलेली. उघडली. पाणी गेलं. नंतरही पाऊस थांबेना, मे महिन्यात असा पाऊस मी तरी पाहिला नाही. रंगाचं काम पुढे ढकललं.

१ जून

आता माझ्या धंद्यातलं काम, म्हणून जरा सविस्तर.

लक्षणं अशी. डावा इंडिकेटर लावला की तापमानाचा काटा इंडिकेटरच्या तालावर नाचतो. हेडलाइट लावले की पेट्रोलचा काटा वर जातो. हे फुकट पेट्रोल बघून मित्र खूश. ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवे मंद. पंखा फिरतो, पण जेवण झाल्यासारखा.

पत्र्याच्या गाडीत वायर एकच येते, प्लसची. परतीचा करंट गाडीच्या अंगातूनच बॅटरीकडे जातो. ही गाडी फायबरची, म्हणजे वीज वाहण्याच्या दृष्टीनं लाकडाची पेटी. प्रत्येक दिव्याला, प्रत्येक मोटारीला परतीची स्वतंत्र वायर लागते आणि त्या सगळ्या शेवटी लोखंडाच्या चौकटीवर एका नटाखाली येतात. तो नट गंजला की सगळ्यांची परतीची वाट बंद. मग करंट काय करतो? माणसासारखंच करतो, दुसऱ्याच्या शेतातून पायवाट काढतो. इंडिकेटरचा करंट काट्यातून घरी जातो, म्हणून काटा नाचतो.

मीटर लावला. हेडलाइट चालू ठेवून बॅटरीच्या मायनसपासून दिव्याच्या मायनसपर्यंत १.९ व्होल्ट. तिथे शून्य पाहिजे. बारातले जवळजवळ दोन व्होल्ट गंज खात होता.

आणि आजचा शोध. अॅक्सिलरेटर पहिल्या दिवसापासून जड होता, पाय दुखायचा. मी तेल घालून थकलो. आज मुलगी सेल्फ मारत होती आणि माझा हात चुकून अॅक्सिलरेटरच्या केबलवर पडला. चटका बसला. केबलला! इंजिनची अर्थिंगची जाड पट्टी बोल्टपाशी तुटून लोंबत होती, वरून जोडलेली दिसत होती. इंजिन रबरी पायांवर बसलेलं, म्हणजे त्याला चौकटीकडे जायला दुसरा रस्ता नाही. मग सेल्फचा शे-दीडशे अँपिअर जाणार कुठून? या बिचाऱ्या केबलमधून. वर्षानुवर्षं तापून आतलं नायलॉन वितळलं आणि तार आतच चिकटली. मी तेल घालत होतो यांत्रिक दुखण्यावर, दुखणं विजेचं होतं.

विहिरीवरच्या मोटारीत हीच चूक झाली असती तर मी दोन मिनिटांत पकडली असती. गाडी म्हटल्यावर माझी मती गुंग झाली.

८ जून

सगळी अर्थिंग नव्यानं. तांब्याची एक पट्टी ठोकून चौकटीवर बसवली, पुढे एक, मागे एक. प्रत्येक वायरला स्वतःचा लग, झाळून, वर व्हॅसलीन. इंजिनला वेल्डिंगची केबल. आता हेडलाइट लावून ०.१ व्होल्ट. काटे शहाण्या मुलांसारखे आपापल्या जागी. पेट्रोल खरं किती आहे तेही कळलं, चार लिटर.

अल्टरनेटरचे ब्रश घासले होते, आपल्याच डब्यातले ब्रश कानशीनं मापात आणून बसवले. सेल्फची आर्मेचर, म्हणजे आतली फिरणारी गुंडाळी, दुकानात भरली. त्या दिवशी पोरांना सुट्टी दिली आणि दारावर "आज बंद" लिहून आत मी एकटा तीन तास आर्मेचर भरत बसलो. बऱ्याच वर्षांनी स्वतःच्या हातानं.

६ जुलै

रंग. चाचांना न विचारता शहरातल्या एका बूथवाल्याकडे दिली, कारण त्याच्याकडे भट्टी आहे आणि चकाकी आरशासारखी येते असं ऐकलं होतं. चकाकी आली. बोनेटवर गोवर पण आला. भट्टी पत्र्याच्या हिशेबानं तापवली होती. फायबरच्या थरांत अडकलेली हवा आणि द्रावक फुगून सव्वाशे-दीडशे फोड. मी मोजले नाहीत, मुलीनं मोजले: १३७.

चाचांनी बघितलं. रागावले नाहीत. "फायबरला भट्टी कशाला? ही काय भाकर आहे?" एवढंच.

२७ जुलै

बोनेट पुन्हा पहिल्यापासून. या वेळी रंग आमच्याच अंगणात, पहाटे, धूळ बसावी म्हणून सडा टाकून. हवेवरच वाळवला. चकाकी आरशासारखी नाही, कौलासारखी आहे. रंग लाल, दोंडाईच्याच्या बाजारात वाळत घातलेल्या मिरचीचा. पांढरा उन्हाला बरा, हे मला कळतं, पण मुलगी म्हणाली की पांढरी केली तर लोक रुग्णवाहिका समजून वाट देतील.

उजव्या दारावर एक माशी रंगात अडकली आहे. ती काढायची नाही असं ठरलं.

१० ऑगस्ट

छत. पुण्या-मुंबईत विचारलं तर पस्तीस हजारांपासून पुढे. इथे पारोळा रोडला रिक्षांची हूड शिवणारे जिभाऊ आहेत. कापड तेच, मागची पारदर्शक खिडकी तीच, दाबाची बटणं तीच. जिभाऊंनी आयुष्यात हजारो हुडं शिवली असतील, पण गाडीभोवती तीन फेऱ्या मारून म्हणाले, "हाई रिक्षा नही, इले नवरीना मायेक घूंघट शिवना पडी." हिला नवरीसारखा घूंघट शिवावा लागेल, असं. आधी जुन्या चादरीचं छत कापून, खडूनं खुणा करून, सांगाड्यावर चारदा घालून बघितलं. घडी पडते तिथे दुहेरी कापड. शिवण आतून नाही, बाहेरून झाकपट्टी, म्हणजे पाणी सुईच्या भोकातून आत येत नाही. पाच हजार दोनशे. सीटही त्यांच्याकडेच, फिक्या राखाडी रेक्झिनमध्ये. काळ्या रेक्झिनवर एप्रिलमध्ये बसून बघा म्हणजे कळेल का.

संध्याकाळी पाइपनं पाणी मारलं. डाव्या कोपऱ्यातून एक थेंब. जिभाऊ तो थेंब बघत अर्धा तास बसले, घरी गेले नाहीत. शेवटी एक बटण सव्वा इंच मागे घेतलं आणि थेंब थांबला.

२२ ऑगस्ट

पोळा. गल्लीतल्या पोरांनी बैलांबरोबर गाडीलाही झूल घातली आणि बोनेटवर हळद-कुंकू. आईनं पुरणपोळीचा नैवेद्य आधी बैलाला दाखवला, मग जरा थांबून गाडीलाही. फेब्रुवारीतलं भंगार कुठे गेलं ते मी विचारलं नाही.

११ सप्टेंबर

आरटीओ. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, माझ्या गाडीची संपून चार वर्षं झाली होती. वीस वर्षांवरच्या मोटारीचं शुल्क ऑगस्टमध्येच पाच हजारांवरून दहा हजार झालं. म्हणजे भट्टीतल्या त्या १३७ फोडांनी तीन आठवडे घालवले नसते तर कदाचित पाच हजार वाचले असते. पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळे. नवी नंबरप्लेट ७४५ रुपये अधिक जीएसटी, त्यातल्या त्यात तीच स्वस्त वाटली.

चेसिस नंबर पेन्सिलीनं कागदावर उमटवून द्यायचा असतो. तो सापडेना. निरीक्षक साहेब, मी आणि दोन अनोळखी रिक्षावाले असे चौघं गाडीखाली. शेवटी रॉकेल आणि तारेच्या ब्रशनं घासल्यावर उमटला. साहेबांनी ब्रेक, दिवे, धूर सगळं नीट बघितलं, सही केली आणि मग हळूच विचारलं, "एक चक्कर मारू का?" आवारातच मारली. परत आले तेव्हा केस उभे आणि चेहरा दहावीच्या मुलाचा.

५ ऑक्टोबर

कायद्यानं पहिल्यांदा रस्त्यावर. पहाटे साडेपाच, आग्रा रोडनं लळिंगपर्यंत. छत उघडं. बसल्यावर जमीन इतकी जवळ, की ट्रकचं चाक डोक्याच्या उंचीला येतं. ट्रक ओलांडायचा तर एकावेळी एकच विचार मनात: याला मी दिसतोय का? वेग ऐंशीच होता, पण ऐंशी म्हणजे काय हे मला आज कळलं. वास येतात. लळिंगच्या कुरणाशी ओल्या गवताचा, मग ढाब्याच्या तंदूरचा, मग कोणाच्या तरी ब्रेकचा. बंद गाडीतून वीस वर्षं याच रस्त्यानं गेलोय, गवताचा वास एकदाही आला नव्हता.

किल्ल्याखाली चहा प्यायलो. परत निघालो तर गाडी सुरू होईना. सेल्फ फिरतो, इंजिन घेत नाही. चाळीस मिनिटं बसलो, गार झाल्यावर पहिल्या फटक्यात सुरू.

१२ ऑक्टोबर

गरम झाली की सुरू होत नाही, गार झाली की होते. हे वाक्य मी गिऱ्हाइकांकडून आठवड्यातून दोनदा ऐकतो. गरम झाल्यावर तार ओपन होते, म्हणजे आतून तुटते! मग शोधायचं एवढंच, की या गाडीत कुठली तार. फ्लायव्हीलपाशी एक सेन्सर असतो, तो चाकाचे दात मोजून इंजेक्शनला वेळ सांगतो. आत काय? माझीच वस्तू, एक गुंडाळी. गार असताना २२० ओहम. हेअर ड्रायरनं तापवला तर मीटर उघडा. तार केसापेक्षा बारीक, मी ती भरायचा प्रयत्न केला आणि दोनदा तोडली. नवा मागवला. काही गोष्टी विकतच घ्याव्यात.

रेडिएटरही याच आठवड्यात. ते काम करणारे कारागीर मूळ सोनगीरचे, घरात पिढीजात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं काम. आतली जुनी जाळी काढून त्यांनी दोन ओळींची तांब्याची नवी जाळी बसवली आणि वरची टाकी पितळेची, हातानं ठोकून. बोनेट उघडलं की ती समईसारखी चमकते. भर दुपारी अर्धा तास उभ्या उभ्या इंजिन चालू ठेवलं, काटा मधोमध.

४ डिसेंबर

दत्तजयंती. सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो, मी आणि ही. सोनगीर फाट्यावरून चिमठाणे, दोंडाईचा, मग तापी. दुतर्फा कापूस वेचणाऱ्या बाया उठून बघत होत्या. एकीनं ओरडून विचारलं, "इले छप्परच नही, पानी उना ते काय करशात?" हिनं तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं, "भिजसूत!"

घोड्यांच्या बाजारात गाडी लावली आणि चूक झाली. गर्दी घोड्यांपेक्षा गाडीभोवती. एक पांढऱ्या फेट्याचे आबा आले, घोड्यांचे व्यापारी. त्यांनी गाडी तपासली ती जनावर तपासल्यासारखीच. आधी लांबून उभं राहून बघितलं, चारही पाय सरळ आहेत का. मग मागून. मग बोनेटवर तळवा ठेवला आणि डोळे मिटून इंजिनची थरथर बघत राहिले. "डाव्या पुढच्या पायात काहीतरी शे," म्हणाले. मी हसलो. परतताना चाळीस-पन्नासच्या पुढे गेलं की स्टिअरिंगला बारीक कंप येत होता. दुसऱ्या दिवशी जॅक लावला: डाव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग.

१४ डिसेंबर

बेअरिंग बदललं. नंबर बघून तेच आग्रा रोडचं दुकान.

२१ डिसेंबर

तोरणमाळ. शहाद्याहून म्हसावदपर्यंत सपाट, ऊस आणि केळी, मग सातपुडा सुरू होतो. सातपायरीच्या घाटात गाडी अशी काही चालली की मी बोलायचंच बंद केलं. दुसरा गिअर, वळण, तिसरा, परत दुसरा. हलकी असल्याचा फायदा वळणावर कळतो, ब्रेक जेमतेम शिवावा लागतो. साठ हॉर्सपॉवर पुरून उरले. वर एका वळणावर पावरा आदिवासी मुलं शाळेच्या दप्तरांसकट उभी होती. त्यांना एकेक करून शंभर मीटर फिरवून आणलं. सतरा मुलं, सतरा फेऱ्या.

यशवंत तलावाशी शिदोरी सोडली. कळण्याची भाकर, भरीत, लसणाची चटणी. भाकर हातात धरवत नव्हती, ती गार होती म्हणून नाही, बोटंच बधिर होती म्हणून. निघताना धुळ्यात पारा एक आकडी, वर तर तलावाच्या कडेच्या गवतावर दहिवर. आम्ही छत उघडं ठेवून गेलो होतो, ही दोन स्वेटर, शाल, माझा मफलर आणि वर मुलीची कानटोपी घालून. सोनगीरपासून ती पायाशी वाकून कुठलीतरी कळ शोधत होती.

"गरम हवेचं बटण कोणतं हो?"

मी एप्रिलमधली गोष्ट सांगितली. शहाद्यापर्यंत ती काही बोलली नाही.

२२ डिसेंबर

सकाळी माळ्यावरून हीटर काढला. सोनगीरवाल्यांकडे झाळायला दिला. शनिवारी मिळेल.